घराची किंमत भागिले उत्पन्न : प्रदेशांची तुलना करताना नेमकं कशाला कशाने भागायचं?

त्रैराशिक
कुठल्या प्रदेशात घर घेणं किती जड जातं, याचं एक कोष्टक करायला घेतलं आहे. हिशोब सोपा धरला होता. घरांच्या किमतींचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यायचा, कुटुंबांच्या वार्षिक उत्पन्नाचा मध्यक घ्यायचा आणि भागायचं. ४ आले तर चार वर्षांची सगळी कमाई, १२ आले तर बारा वर्षांची. वर-खाली चलन एकच असल्यामुळे ते कटून जातं, म्हणजे डॉलर-युरोची भानगडही नाही.

पण तयार याद्या ताडून बघितल्या तर एकाच शहरापुढे एका यादीत ८, दुसरीत १४ आणि तिसरीत ११२! (तिसऱ्या यादीत शहर नव्हतं, देशाचा आकडा होता.) ११२ वर्षं? जाणकारांनी सांगावं : कुठला आकडा खरा, तुलनेआधी काय काय जुळवून घ्यावं लागतं, आणि मुळात हे गुणोत्तर तुलनेला पुरतं का?

रिकामटेकडा
११२ बरोबर आहे. नातवाने फेडायचं.

मध्यक
आधी ११२ निस्तरू. ती वर्षं नाहीत, तो निर्देशांक आहे. ओईसीडीच्या (प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या) तक्त्यात घरांच्या किमतींना दरडोई खर्चण्याजोग्या उत्पन्नाने भागतात आणि २०१५ सालचा आकडा १०० धरतात. ११२ म्हणजे उत्पन्नाच्या मानाने किमती २०१५ पेक्षा १२ टक्के वर. २०१५ मध्येच तिथलं घर आवाक्याबाहेर असलं तरी त्या वर्षी १००च दिसणार. म्हणून एका देशाचे ११२ आणि दुसऱ्याचे ९५ बघून 'दुसरा स्वस्त' म्हणणं साफ चूक. एकाच देशाच्या कालच्या-आजच्या तुलनेला हा तक्ता उत्तम, दोन देशांच्या तुलनेला निरुपयोगी.

८ हा आकडा बहुधा 'डेमोग्राफिया' या शहरांतली घरं किती परवडतात ते मोजणाऱ्या अहवालाच्या धर्तीचा असावा. मध्यक किंमत भागिले कुटुंबाचं करपूर्व मध्यक उत्पन्न. त्यांच्या पायऱ्या अशा : ३ पर्यंत परवडणारं, ३.१ ते ४ थोडं जड, ४.१ ते ५ बरंच जड, ५.१ पासून अति जड. २०२४ पासून त्यांनी ९ आणि त्यावरच्या शहरांसाठी आणखी एक वरची पायरी केली आहे.

१४ हा नम्बिओ या राहणीखर्चाच्या संकेतस्थळाच्या धर्तीचा वाटतो. तिथे लोकांनी स्वतः भरलेले आकडे असतात. घर ९० चौरस मीटरचं गृहीत धरतात. कुटुंबाचं उत्पन्न मोजत नाहीत, हातात येणाऱ्या सरासरी पगाराची दीडपट म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न असं मानतात. अंशही वेगळा, छेदही वेगळा. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, एका रांगेत बसवणं चूक.

ताळेबंद
मध्यक यांच्याशी सहमत. बहुतेक घोळ छेदात होतो, म्हणून तिथलं जरा सविस्तर.

पहिलं, माणूस की कुटुंब. इंग्लंड-वेल्ससाठी ब्रिटनचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय जे प्रसिद्ध गुणोत्तर काढतं, त्यात छेद असतो पूर्णवेळ नोकरदार *व्यक्तीच्या* कमाईचा. अमेरिकेच्या जनगणना विभागाचं उत्पन्न असतं *कुटुंबाचं*. दोघं कमावत असतील तर एवढ्यानेच आकडा जवळजवळ निम्मा होतो. यूबीएस या स्विस बँकेच्या शहरांच्या अहवालात तर तिसराच प्रकार : सेवाक्षेत्रातल्या एका कुशल कामगाराने ६० चौरस मीटरच्या फ्लॅटसाठी किती वर्षं काम करायचं.

दुसरं, करपूर्व की करोत्तर. जिथे कर जास्त पण शिक्षण-आरोग्य त्यातूनच भागतं, तिथे करपूर्व उत्पन्नाने घर स्वस्त भासतं आणि करोत्तर उत्पन्नाने वाजवीपेक्षा महाग. दोन्ही रकाने ठेवा, एक निवडू नका.

तिसरं लोक विसरतातच. वर्ष. किमती गेल्या तिमाहीच्या मिळतात, उत्पन्नाचे आकडे दीड-दोन वर्षं जुने. उत्पन्न वर्षाला ८ टक्क्यांनी वाढत असेल आणि आकडा दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर ६ आलेलं गुणोत्तर प्रत्यक्षात ५.१ असतं (१.०८ गुणिले १.०८ म्हणजे १.१६६, त्याने ६ ला भागा). महागाई कमी असलेल्या प्रदेशात हीच चूक नगण्य. म्हणजे तुलनेत नेमका वेगाने वाढणारा प्रदेश उगाच बदनाम होतो.

उंबरठा
छेदात कुटुंब घ्यावं हे मान्य, पण त्यातही मेख आहे. कुटुंब किती मोठं हेच घराच्या किमतीवर ठरतं. घरं महाग झाली की तरुण मुलं आईवडिलांकडेच राहतात. एका छपराखाली चार कमावते झाले की 'कुटुंबाचं उत्पन्न' फुगतं आणि गुणोत्तर उतरतं. आकडा सांगणार 'परवडायला लागलं', प्रत्यक्षात परवडेना म्हणून तर वेगळी चूल मांडली नाही! युरोपात घर सोडण्याचं सरासरी वय फिनलंडमध्ये विशीच्या सुरुवातीला आणि क्रोएशियात तिशीच्या पुढे आहे. या दोन देशांच्या 'कुटुंब उत्पन्ना'ची थेट तुलना कशी करणार?

उपाय म्हणून कुटुंबाच्या आकारानुसार समायोजित उत्पन्न घ्या. ओईसीडीची सुधारित पद्धत सोपी आहे : पहिल्या प्रौढाला १, १४ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक पुढच्या माणसाला ०.५, त्याखालच्या मुलाला ०.३. दोन प्रौढ आणि दोन लहान मुलं म्हणजे २.१. चार प्रौढ म्हणजे २.५. एकूण उत्पन्नाला त्याने भागा.

ताळेबंद
उंबरठा, मुद्दा पटला, उपाय अर्धाच पटला. ते भाजक खर्चाची गरज मोजायला बनवलेत, कर्ज फेडण्याची ऐपत मोजायला नाही. बँक एकूण उत्पन्न बघते. त्यापेक्षा २५ ते ४४ वयाचा कुटुंबप्रमुख असलेल्या कुटुंबांचं उत्पन्न वेगळं काढा. पहिलं घर घेणारे बहुतेक त्याच गटात असतात, आणि निवृत्तांनी भरलेल्या प्रदेशात छेद खाली ओढला जातो तेही टळतं.

उंबरठा
वयोगटाप्रमाणे आकडे जिल्ह्याच्या पातळीवर मिळाले तर सोन्याहून पिवळं. नमुना लहान असतो, मध्यक उड्या मारतो. तीन-पाच वर्षांचे नमुने एकत्र केलेले आकडे घ्या.

चक्रवाढ
तुमचं सगळं चालू द्या, पण व्याजदर नसलेलं गुणोत्तर म्हणजे वजन न बघता नुसत्या उंचीवरून पैलवान निवडणं. लोक किंमत देत नाहीत, हप्ता देतात.

प्रदेश अ : गुणोत्तर ४, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं.
प्रदेश ब : गुणोत्तर ६, व्याज ३ टक्के, मुदत ३० वर्षं.
दोन्हीकडे २० टक्के स्वतःचे, बाकी कर्ज.

अ मध्ये कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या ३.२ पट. या दराला दर १ लाखामागे महिना सुमारे ९०० हप्ता, म्हणजे वर्षाचे हप्ते कर्जाच्या १०.८ टक्के. उत्पन्नातला वाटा ३४.६ टक्के. ब मध्ये कर्ज ४.८ पट, दर १ लाखामागे महिना ४२२, वर्षाला ५.०६ टक्के, वाटा २४.३ टक्के. 'महाग' ब मध्ये हप्ता हलका!

आता ब मध्ये व्याज ७ टक्के करा, बाकी काही हलवू नका. लाखामागे ६६५ हप्ता, वाटा ३८ टक्के. गुणोत्तर तेच ६. हे काल्पनिक नाही. अमेरिकेत ३० वर्षांच्या स्थिर दराच्या कर्जाचा साप्ताहिक सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ झाला.

मध्यक
चक्रवाढ, हिशोब बरोबर, निष्कर्ष घाईचा. तुमच्याच उदाहरणात स्वतःचे २० टक्के बघा. अ मध्ये ते ०.८ वर्षाचं उत्पन्न, ब मध्ये १.२ वर्षाचं. उत्पन्नाच्या १० टक्के शिल्लक टाकणाऱ्याला अ मध्ये ८ वर्षं, ब मध्ये १२ वर्षं. व्याज कमी म्हणून ठेवीवरही काही सुटत नाही. कमी व्याजाच्या काळात अडचण हप्त्याची नसते, दारातून आत शिरण्याची असते. ज्याला घरातून आयतं भांडवल मिळतं तो आत, बाकीचे बाहेर. व्याज घालून काढलेला एकच आकडा हे लपवतो.

आणि अ मध्ये ९ टक्के व्याज आहे म्हणजे बहुधा महागाई आणि पगारवाढही तशीच आहे. अ मध्ये उत्पन्न वर्षाला ७ टक्के आणि ब मध्ये २ टक्के वाढतं असं धरा. १० वर्षांनी अ चा हप्ता ३४.६ वरून १७.६ टक्क्यांवर येतो, ब चा २४.३ वरून १९.९ वर. सुरुवातीचा क्रम उलटला.

चक्रवाढ
पगार ७ टक्के वाढेलच हे लिहून कोण देणार? पण स्वतःच्या रकमेचा मुद्दा मान्य. मग तीन आकडे ठेवा : गुणोत्तर, पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा वाटा, सुरुवातीची रक्कम जमवायची वर्षं. आणि दर स्थिर की बदलता हेही लिहा. अमेरिकेत ३० वर्षं तोच दर मिळतो, ब्रिटनमध्ये साधारण २ किंवा ५ वर्षं, कॅनडात बहुधा ५. पहिल्या वर्षीचा वाटा सारखा असला तरी जोखीम सारखी नसते.

गिलावा
सगळे छेदावर तुटून पडलेत, अंशाकडे कुणी बघेना.

'मध्यक किंमत' म्हणजे *विकल्या गेलेल्या* घरांचा मध्यक, सगळ्या घरांचा नव्हे. नऊ व्यवहार झाले : पाच छोटे फ्लॅट ४० ला, चार बंगले ९० ला. मध्यक ४०. पुढच्या वर्षी चार फ्लॅट ४० ला, पाच बंगले ९० ला. मध्यक ९०! एकाही घराची किंमत एका पैशाने वाढली नाही. कमी व्यवहार होणाऱ्या जिल्ह्यात हे सर्रास होतं. म्हणून काळाच्या तुलनेला तेच घर पुन्हा विकलं गेल्यावरच्या किमतीवर आधारलेले निर्देशांक वापरतात (अमेरिकेतला केस-शिलर निर्देशांक त्या जातीचा), किंवा क्षेत्रफळ, वय, ठिकाण यांचा परिणाम वेगळा काढणारे.

प्रदेशांच्या तुलनेत याहून मोठा खड्डा घराच्या आकाराचा. हाँगकाँगच्या २०२१ च्या जनगणनेत राहत्या घराच्या क्षेत्रफळाचा मध्यक ४० चौरस मीटर होता. अमेरिकेत नवं स्वतंत्र घर साधारण २०० चौरस मीटरच्या पुढे. हाँगकाँगचं गुणोत्तर २०२१ च्या आसपास २० च्या वर होतं, तेही या एवढ्याशा घरासाठी. चौरस मीटरमागे बघितलं तर दरी आणखी रुंद.

पण एका चौरस मीटरचा दर काढून त्याला सरसकट ६० किंवा ९० ने गुणू नका. लहान घराचा दर चौरस मीटरमागे जास्त असतो, कारण स्वयंपाकघर, न्हाणी, नळजोडणी यांचा खर्च आकाराच्या प्रमाणात घटत नाही. ३० मीटरच्या घरांवरून ९० च्या घराची किंमत काढाल तर फुगेल. ५० ते ७० मीटरच्या पट्ट्यातले व्यवहार थेट चाळून घ्या.

रिकामटेकडा
आणि तो चौरस मीटर भिंतीच्या आतून की बाहेरून? की जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्ची धरून?

गिलावा
हसू नका, १५ ते ३० टक्क्यांचा फरक तिथेच पडू शकतो. हाँगकाँगमध्ये नव्या घरांच्या विक्रीत फक्त विक्रीयोग्य (सामायिक भाग वगळून उरणाऱ्या) क्षेत्रफळावरच दर सांगायची सक्ती २०१३ मध्ये आली, ती याच कारणाने. चटई, बांधीव, सामायिक भागासकट, यातलं कुठलं माप हे प्रत्येक आकड्यापुढे लिहा. सोबत दोन नोंदी : किंमत नोंदणीची की जाहिरातीतली (जाहिरातीतली मागणीची असते, मंदीत दोन्हींत अंतर वाढतं), आणि नोंदणी शुल्क धरलं की नाही. जिथे व्यवहाराचा काही भाग कागदाबाहेर होतो तिथे नोंदणीची किंमत म्हणजे झाकली मूठ. तिथे गृहकर्जासाठी बँकेने केलेलं मूल्यांकन जास्त विश्वासाचं, तेही बँकेला जपूनच आकडा लावायचा असतो हे लक्षात ठेवून.

नकाशा
हद्द कुठली घेतली हे कुणी विचारलंच नाही. पॅरिस म्हटलं की काय घेता? वीस प्रभागांचं मूळ शहर म्हणजे जेमतेम १०५ चौरस किलोमीटर आणि वीसेक लाख लोक. सभोवतालचा प्रांत सव्वा कोटीच्या घरात. पहिलं घेतलं तर गुणोत्तर गगनाला, दुसरं घेतलं तर बरंच खाली. काही शहरांची पालिका हद्दच प्रचंड असते, त्यात उपनगरं आपोआप येतात. पालिका हद्दीवर तुलना केली तर शहरांची होत नाही, नकाशावरच्या रेषांची होते. कामासाठी रोज ये-जा होते तेवढा सगळा पट्टा एक धरा. ओईसीडी आणि युरोपीय संघाने त्यासाठी 'कार्यात्मक नागरी क्षेत्रं' आखून ठेवलीत.

दुसरं असं की उत्पन्न कुणाचं? तिथे *राहणाऱ्यांचं* की तिथे *काम करणाऱ्यांचं*? ब्रिटनमध्ये दोन्ही गुणोत्तरं वेगवेगळी निघतात. जिथून लोक मोठ्या शहरात कामाला जातात, तिथे राहणाऱ्यांच्या कमाईने घर परवडतं आणि तिथल्याच शाळेत, दुकानात काम करणाऱ्याच्या कमाईने परवडत नाही. समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावांत तर किंमत ठरवणारा पैसाच बाहेरचा. तिथे स्थानिक उत्पन्नाने भागून आलेला मोठा आकडा चुकीचा नसतो, उलट तोच खरी गोष्ट सांगतो.

आणि स्वस्त म्हणून लांब गेलात तर प्रवास धरा. शिकागोची सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी ही संस्था घर अधिक प्रवास मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांची मर्यादा धरते, ३० घराचे आणि १५ प्रवासाचे. घराला २५ टक्के देणारा गाडीवर २५ घालवत असेल तर तो त्या मर्यादेबाहेर.

भाडेकरू
घर विकतच घ्यायचं हे गृहीतक कुणी ठरवलं? जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात. व्हिएन्नात सुमारे निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत. सिंगापूरमध्ये बहुसंख्य रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या, ९९ वर्षांच्या पट्ट्यावरच्या घरांत. तिथे खुल्या बाजाराचं गुणोत्तर एका छोट्या वर्गाचं चित्र दाखवतं. हाँगकाँगचा तो प्रसिद्ध आकडाही खासगी घरांचा, आणि तिथली जवळपास निम्मी वस्ती सरकारी भाड्याच्या किंवा अनुदानित घरांत.

माझ्या मते मूळ तुलना भाडे भागिले उत्पन्न अशी हवी. भाड्यात सट्टा नसतो, आजच्या निवाऱ्याची किंमत असते.

चक्रवाढ
भाडं नियंत्रित असेल तर? जुन्या भाडेकरूचं भाडं आणि नव्याला मिळणारं भाडं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सरासरी भाडं स्वस्त, आणि नव्या माणसाला घरच मिळत नाही.

भाडेकरू
म्हणून नव्या करारांचंच भाडं घ्यायचं. आणि ३० टक्क्यांचा तो नियम आंधळेपणाने लावू नका. तो काही निसर्गनियम नाही. अमेरिकेत सरकारी घरांच्या भाड्याला १९६९ मध्ये २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि १९८१ मध्ये ती ३० केली, तिथून तो पसरला. गरीब कुटुंबाला २० टक्केही जड, श्रीमंताला ४५ हलके. ऑस्ट्रेलियात म्हणूनच तळाच्या ४० टक्के उत्पन्नगटापुरताच ३० टक्क्यांचा निकष लावतात. अमेरिकी अभ्यासक मायकेल स्टोन यांची पद्धत आणखी चांगली : घराचा खर्च वजा केल्यावर उरलेल्या पैशांत बाकीच्या किमान गरजा भागतात का ते बघायचं.

उंबरठा
भाडेकरूंना पूरक. रोमानियात ९० टक्क्यांहून जास्त लोक स्वतःच्या घरात आहेत आणि बहुतेकांवर कर्ज नाही, कारण १९९० नंतर सरकारी घरं राहणाऱ्यांनाच विकली गेली. तिथे मध्यक कुटुंबाला आजची किंमत कधी द्यावीच लागलेली नाही. गुणोत्तर फक्त नव्याने येणाऱ्याला लागू.

सातबारा
तुम्ही सगळे आजाराचा ताप मोजताय, आजार एकच : जमीन. बांधायला मोकळीक असली की गुणोत्तर खाली, नसली की वर. टेक्सासमधल्या ह्यूस्टनला झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे ठरवणारे पट्टे) नाही म्हणून स्वस्त. विषय संपला.

नकाशा
सातबारा, विषय एवढ्यात संपत नाही. ह्यूस्टनला वापराचं झोनिंग नाही हे खरं, पण भूखंडाचे किमान आकार, पार्किंगचे नियम, खासगी करारातली बंधनं आहेतच. शिवाय भूगोल : समुद्र आणि तीव्र उताराने किती जमीन बाद होते याचा अर्थतज्ज्ञ अल्बर्ट साईझ यांनी २०१० मध्ये अमेरिकी शहरांसाठी हिशोब मांडला. १५ टक्क्यांहून जास्त उतार म्हणजे बांधायला अवघड, असं धरून.

ताळेबंद
आणि टेक्सासचं स्वस्त घर बघताना तिथला मालमत्ता कर विसरू नका. राज्याचा आयकर नाही, त्याची भरपाई तिथे होते. घराच्या किमतीच्या दीड-दोन टक्के दर वर्षी. गुणोत्तर ४ असेल तर उत्पन्नाच्या ६ ते ८ टक्के फक्त करात, कर्ज फिटल्यावरही. विमा वेगळा. उलट कॅलिफोर्नियात १९७८ च्या 'प्रस्ताव १३' या मालमत्ता कराला मर्यादा घालणाऱ्या तरतुदीमुळे मूळ दर १ टक्क्यावर आणि मूल्यांकनाची वाढ वर्षाला २ टक्क्यांवर बांधलेली, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांचे कर अनेक पटींनी वेगळे. म्हणून हप्त्याच्या रकान्यात कर, विमा आणि देखभाल मिळवा.

रिकामटेकडा
'घर पाहावं बांधून' म्हणणाऱ्याने तक्ता पाहावा करून असंही म्हणायला हवं होतं. रकाने किती झाले?

त्रैराशिक
सतरा. :) सगळ्यांचे आभार, पण आता घाबरलोय. बारा प्रदेश आहेत, सतरा रकाने भरणं होणार नाही. किमान किती ठेवू? आणि दोन लहान जिल्हे मिळून एक प्रदेश करायचा आहे, तर त्यांच्या मध्यकांची सरासरी चालेल ना?

मध्यक
सरासरीचं आधी : नाही चालणार. मध्यकांची सरासरी म्हणजे एकत्रित मध्यक नव्हे, लोकसंख्येचं वजन दिलं तरीही. मूळ व्यवहार मिळाले तर एकत्र करून नव्याने मध्यक काढा. फक्त उत्पन्नगटांचे तक्ते मिळाले तर दोन्ही जिल्ह्यांची प्रत्येक गटातली कुटुंबं मिळवा आणि निम्मी संख्या ज्या गटात पडते त्या गटात अंतर्वेशन करा (गटाच्या दोन टोकांमधला आकडा प्रमाणाने काढा). तेही जमलं नाही तर जिल्हे वेगळेच ठेवा.

आणखी एक. मध्यक भागिले मध्यक हे 'मध्यक कुटुंबाचं गुणोत्तर' नसतं. मध्यक उत्पन्नवाला मध्यक घर घेतोच असं नाही. म्हणून तळाच्या चतुर्थकाची (क्रमाने लावल्यावर खालून पाव भागापाशी येणारी) किंमत भागिले तळाच्या चतुर्थकाचं उत्पन्न हा एक जादा आकडा काढा. बहुतेक प्रदेशांत पहिलं घर तिथूनच घेतलं जातं.

बाकी रकाने पाच पुरेत : ५० ते ७० मीटरच्या घराची किंमत, त्याच वर्षाचं करोत्तर कुटुंब उत्पन्न, कर-विम्यासह पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा वाटा, सुरुवातीची रक्कम जमवायची वर्षं, नव्या करारांचं भाडं भागिले उत्पन्न. हद्द सगळीकडे ये-जा पट्ट्याची. उरलेलं सगळं तळटिपेत.

गिलावा
आणि वर्षाला शंभरेक व्यवहारही नसतील तिथे तीन वर्षांचे एकत्र करा, आधी निर्देशांकाने एका वर्षाच्या पातळीवर आणून.

त्रैराशिक
बारापैकी सात प्रदेशांचं भरलं. नुसत्या गुणोत्तराने पहिला असलेला प्रदेश हप्त्याच्या वाट्याने पाचवा आणि रक्कम जमवायच्या वर्षांनी पुन्हा पहिला. भाड्याने तर तिसऱ्याच प्रदेशाचा क्रमांक वर. एकच क्रमवारी देता येणार नाही, तर तीन रकान्यांनी तीन क्रमवाऱ्या देतो.

एक अडलंय. दोन प्रदेशांत उत्पन्नाचं सर्वेक्षणच नाही, फक्त घरखर्चाचं आहे. खर्चाने भागू का?

ताळेबंद
भागा, पण त्या दोघांना बाकीच्या दहांच्या रांगेत बसवू नका. खर्च हा उत्पन्नापेक्षा कमी असतो, वरच्या गटात तर बराच कमी, त्यामुळे गुणोत्तर फुगून येईल. आणि अशा सर्वेक्षणांत श्रीमंत घरांचे दरवाजे सहसा उघडत नाहीत. वेगळा तक्ता करा, डोक्यावर ठळक लिहा 'छेदात खर्च'. नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी तुमचाच आकडा उचलून '११२ वर्षं?' असा धागा काढेल.